कोडोलीचा फ्रीज

५ एप्रिल १९९८
कोल्हापूरला आमच्या व्यापारी मंडळाचा वर्धापनदिन. कोडोलीहून डॉक्टर सयाजी भाषणाला आले होते. गावात लहानसा दवाखाना चालवतात. म्हणाले, उसात साप चावलेली माणसं दवाखान्यापर्यंत जिवंत येतात, पण विषावरची लस ठेवायला फ्रीज नाही. गेल्या पावसाळ्यात दोघं कोल्हापूरला नेताना वाटेतच गेली. फ्रीज दहा हजाराचा.
शाहूपुरीतले लाखोंची उलाढाल करणारे व्यापारी मांडीवरच्या पेढ्याच्या बॉक्सकडे बघत बसलेले. शिसारी आली. मी उठलो, माइक घेतला आणि सांगून टाकलं, फ्रीज आमच्या विरूपाक्ष पेंट्सतर्फे. टाळ्या. डॉक्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.
परवाच घेऊन टाकायचा.

७ एप्रिल
दुकानात गर्दी. उद्या नक्की.

९ एप्रिल
शिवगंगानं अठराशेची साडी आणली. माझी बायको, आणि ही अक्कल. विचारलं, अठराशे रुपयांत किती जीव वाचतात माहीत आहे का? म्हणाली, नाही, तुम्ही आजवर किती वाचवलेत? हिच्याशी तात्त्विक बोलण्यात अर्थ नाही.
आजपासून घरात वायफळ खर्च बंद. माझं पान चालू राहील. ते पचनासाठी आहे.

१७ एप्रिल
फ्रीज बघून आलो. नऊ हजार आठशे. पोचवायला टेंपोवाला वर चारशे मागतो. माणसं मरताहेत आणि हा त्यातही आपलं भाडं बघतो. किळस आली. तसाच परत आलो.
विचारांती ठरवलं: स्वतःची गाडी असल्याशिवाय समाजसेवा होत नाही.

२ मे
सेकंडहँड व्हॅन घेतली. पंच्याहत्तर हजार. शिवगंगानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आत गेली. तिला लांबचं दिसत नाही. एक फ्रीज पोचवून मी थांबणार आहे का? पुढे औषधं असतील, पेशंट असतील. ही गाडी नव्हेच, ॲम्ब्युलन्स आहे.

१० मे
ॲम्ब्युलन्सला सीट कव्हर, पडदे आणि टेप बसवला. साडेसहा हजार. पेशंटला धीर द्यायला गाणी बरी.

२५ मे
सोमवार, दुकान बंद. ट्रायल म्हणून घरच्यांना घेऊन कळंबा तलावावर. तिथं शेजारचे हंबीरराव चाळीस माणसांना मटणाचं जेवण घालत होते. एका दुपारी चार-पाच हजार पोटात. लोकांना लाज कशी वाटत नाही?
आमचं साधंच. धपाटे, दही, येताना सगळ्यांना आइस्क्रीम. मुलांना दोनदा.

१५ जून
डॉक्टरांचा फोन. पाऊस लागला, भांगलणी सुरू होईल, बायका तण काढायला उसात उतरतील, फ्रीज कधी देताय? देणाऱ्यालाच तगादा. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की खास तुमच्या फ्रीजसाठी मी गाडी घेतली आहे. वर विचारलं, तुमच्याकडे वीज जाते, त्याचा काही विचार केलाय का? म्हणाले, वीज गेली की बर्फ घालू, फ्रीज तेवढा द्या. त्यांना सगळं सोपंच वाटतं. अभ्यास करून कळवतो म्हटलं.

३ जुलै
परत फोन, या वेळी घरी. शिवगंगाला खूण केली, नाही म्हणून सांग. तिनं फोनवर सांगितलं, "ते घरातच आहेत, पण नाहीत म्हणून सांगायला सांगताहेत." वीस वर्षं हिच्याबरोबर काढली मी.

१९ जुलै
दुकानात फोन. डॉक्टर आज फ्रीजचं काहीच बोलले नाहीत. कोडोलीतली बयाबाई, वय चौतीस. भांगलताना साप चावला. वीस मिनिटांत दवाखान्यात आणली होती. लस नव्हती. जीपमधून कोल्हापूरला नेताना गेली. तुम्हाला कळवावंसं वाटलं, म्हणाले, आणि फोन ठेवला.
सरकार काय करतं? जिल्ह्याला एवढे पुढारी आहेत, कारखाने आहेत, मंडळात दीडशे व्यापारी आहेत. सगळे सडलेले. दिवसभर तोंड कडू. दोन पानं खाल्ली तरी जाईना.
उद्या पहिलं काम फ्रीज.

२० जुलै
सोमवार. फ्रीजचं दुकान बंद.

२९ जुलै
दुकानात एक शेतकरी आला. टोपी हातात. म्हणाला, मी बाळासो, बयाबाईचा मालक. भांडायला आला असणार, म्हणून मी काउंटरच्या आत सरकलो. नोकराला जवळ थांबायला सांगितलं.
पण तो हळूच म्हणाला, "पावणं, तुमचा फ्रीज आता ऱ्हाऊ दे. गावानं डेअरीतनं, घराघरातनं पैसं गोळा केलं. हितंच शाहूपुरीत घेतलाय. डॉक्टर म्हणत हुतं, तुमी त्यासाठनंच गाडी घेतलीया. तेवढा पोचवता का?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नोकर ऐकत होता.

३० जुलै
मागचं सीट काढून फ्रीज चढवला. बाळासो पुढं बसायला तयार नव्हता. मागं फ्रीजजवळ उकिडवा बसला. खड्डा आला की दोन्ही हातांनी त्याला कवळायचा. मला काहीतरी बोलायचं होतं. उसाच्या भावाचं विचारलं. त्यानं सांगितला.
पन्हाळ्याच्या अलीकडे एका वळणावर तो मागून म्हणाला, "हितं गेली." मी गाडी हळू केली. "चला की, उशीर हुतोय," म्हणाला.
कोडोलीत दवाखान्यापुढं पंचवीस-तीस माणसं उभी होती. फ्रीज आत गेला. डॉक्टरांनी चहा दिला, पाऊसपाण्याचं बोलले. एकानंही मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर उत्तर तयार होतं, येताना पाठ केलं होतं.
निघताना बाळासो खिडकीशी आला. मुठीत शंभराची नोट. "पेट्रोलचं ठेवा. गावाचं काम, तुमाला भुर्दंड नगं."
नको म्हणायला मी तोंड उघडलं.
घेतली.