शिवणीत सोडलेले कापड

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा शिवणकाम, हा कागद स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, डॉक्टरांनी छातीबद्दल जे सांगितले ते ऐकल्यावर लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. वकील केलेला नाही. कापायलाही मला कोणी शिकवले नव्हते, जुने कोट उसवून शिकलो. हे मृत्युपत्र कायद्याचे पुस्तक वाचून लिहितो आहे.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व मागची मोरी, पत्नीचे. बँकेत असेल ते तिचेच. "आता एकटीला एवढी जागा कशाला" असे तिला कोणी म्हणू नये.

कलम दोन. थोरल्या बंधूंना काही नाही. मंदीच्या वर्षी माझे कडा बांधायचे इंटरलॉक मशीन त्यांनी पडत्या भावात उचलले आणि पुढे चारचौघांत "धाकट्याला मीच सावरलं" असे सांगत फिरले. ते मशीन आज त्यांच्या माळ्यावर गंजते आहे. तोच त्यांचा वाटा समजावा.

कलम तीन. दुकान, कापायचे टेबल व दोन कात्र्या (मोठीने कागद कापू नये) मुलाला, पण एका अटीवर. अट कळण्यासाठी पुढचे लिहिणे भाग आहे.

मंदीचे वर्ष म्हणजे कारखाना बंद पडला ते. तोवर मी शिवणीत अर्धे बोट कापड सोडत असे, सूतभरही जास्त नाही. कपडा उलटा केला तरी बाहेरच्यासारखा स्वच्छ. समोरच्या दुकानातले म्हातारे मास्तर मात्र दोन-दोन बोटे कापड आत दुमडून ठेवत. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, मास्तर पँटबरोबर आत रुमालही शिवून देतात. त्यांच्या कानावर गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हा माणूस उद्या जाड होईल, परवा हीच पँट त्याचा भाऊ घालील. तेव्हा येईल ना माझ्याकडे."

कारखाना बंद झाला आणि नवे शिवायला येईना कोणी. जुने घेऊन येऊ लागले: सैल करा, लांब करा, भावाच्या मापाचे करा. मास्तरांच्या शिवणीतून कापड निघत होते. मी पंधरा वर्षे शिवलेल्या कपड्यांतून काही निघण्यासारखे नव्हते. शिवाय "येथे अल्टर करून मिळणार नाही" ही पाटी मीच रंगवून लावली होती, झोकदार अक्षरात.

मग मी दोरा न ओवता मशीन चालवत बसू लागलो, काम आहे असे समोर ऐकू जावे म्हणून. तिसऱ्या महिन्यात मास्तरांची बायको, जिला सगळा रस्ता काजवाली मावशी म्हणतो, चार पँटी घेऊन दारात आली. म्हणाली, "रिकाम्या मशीनचा आवाज वेगळा येतो रे. यांना एकट्याला झेपत नाही, ह्या घे तू." मी पाटीकडे बोट दाखवले. ती पँटी घेऊन परत गेली. त्याच आठवड्यात इंटरलॉक विकले.

सातव्या महिन्यात रस्ता ओलांडला, कारण विकायला पायमशीनच उरले होते. मास्तर बाकावर सरकले आणि माझ्या हातात उसवायचे पाते दिले. "दोरा न तोडता उसव. त्याच दोऱ्यानं परत शिवायचं. नवा दोरा जुन्या कापडावर ओरडतो." दीड वर्ष त्या बाकावर काढले, घर त्यावर चालले. पण तिसऱ्या महिन्यात दारात आलेले काम मी सातव्यात मागायला गेलो. मधले चार महिने पत्नीने कशावर चूल पेटवली हे मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

चिरंजीव, तू रोज सव्वाआठला डबा घेऊन निघतोस. तुझ्या करड्या पँटला मागून गोळे आले आहेत. ऑफिसच्या खुर्चीवर कापड चकाकते; गोळे बागेतल्या सिमेंटच्या बाकावर बसून येतात. त्या पँटवरून तुझी नोकरी जाऊन चार महिने झाले असावेत.

अट अशी: मास्तर गेले, पण त्यांच्या दुकानातला बाक आहे आणि मावशी आहे. मुलाने तिच्या शेजारी पूर्ण एक वर्ष बसून फक्त उसवावे, मगच दुकान त्याचे. पाते टेबलाच्या डाव्या खणात आहे. मान्य नसल्यास दुकान विकून रक्कम त्याच्या आईला द्यावी.

कलम चार. पायमशीन मी मावशीच्या नावे लिहिले होते. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हे तिला पुस्तकातून वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग मशीन खोड. मला साक्षीला घे. उद्या पोरगा म्हणेल बाप भ्रमात होता, तेव्हा सांगायला कोणी हवं." म्हणून खोडले आहे, खाडाखोडीशेजारी सही आहे. पायमशीनही मुलाला, त्याच अटीवर.

सही करण्याआधी तिने विचारले, पोराशी बोललास का. मी म्हणालो, त्याला कळेल, कागद वाचल्यावर. तिने पेन खाली ठेवले.

"म्हणजे तू अजून रिकामंच मशीन चालवतोयस."

सबब, मूळ कागद कपाटात राहील, आणि याची नक्कल मी उद्या सकाळी मुलाच्या डब्याच्या पिशवीत स्वतः ठेवीन. ती त्याने त्या सिमेंटच्या बाकावर बसून वाचावी. दुकान नऊला उघडते.

ठिकाण : दुकान, कापायचे टेबल
दिनांक : सात नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार

सही : लिहून ठेवणार, शिंपी

साक्षीदार :
१. काजवाली मावशी (कागद ऐकल्यावर, नक्कल डब्याच्या पिशवीत ठेवण्याचे कबूल करून घेऊन सही केली)
२. शेजारचा इस्त्रीवाला