बारवीच्या पाण्यात उडी कोणी मारली

मी, पद्मजा दिनानाथ कर्णिक, वय एकाहत्तर, राहणार अंबरनाथ पश्चिम, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही धाकाने वा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, आठवण शाबूत आहे. दुर्दैवाने.

१. राहता फ्लॅट माझा मुलगा पुष्कर यास, गच्चीच्या गळतीसकट.

२. दागिने सून हिमानी हिला. पाटल्या मोडू नयेत. मोडल्याच तर मला काय कळणार म्हणा!

३. माझ्या दिवंगत पतींनी नगरपालिकेच्या निवडणुकीत वाटलेल्या ‘धाडसी दिनानाथ’ या कॉमिक्सचे उरलेले गठ्ठे माळ्यावर आहेत. ते रद्दीत द्यावेत. त्यात हे बारवी धरणाच्या पाण्यात उडी मारून बुडणाऱ्या छोट्या पुष्करला वर काढतात. पुष्कर, तुला ह्यांनी काढले नाही. ह्यांना पोहताच येत नव्हते. हे काठावर माझा हात धरून ओरडत होते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. उडी मारली धरणाजवळच्या पाड्यावरच्या देऊने. तू हाती लागल्यावर मी त्याचे पाय धरले होते. पुढे चित्रकाराला ह्यांचा फोटो मात्र मीच कपाटातून काढून दिला. “नुसता चेहरा बदलला तर काय बिघडतं?” हे म्हणाले, आणि मी चहा टाकायला आत गेले. लाज वाटते रे मला.

काय बिघडले ते गेल्या आठवड्यात, पाड्यावर नवे तांदूळ आणायला गेले तेव्हा कळले. देऊ नातवाला, करणला, तीच गोष्ट सांगत होता. शाळेत ते पुस्तक अजून आहे. करण हसला. “आजा, फेकू नको. पुस्तकात तर साहेब हाय. तू कुठं हायस?” देऊने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, “ऱ्हाऊ द्या बाई.” मी तेव्हाही गप्प बसले. जळलं मेलं माझं तोंड!

४. आता पुष्कर निवडणुकीला उभा राहतोय आणि तेच कॉमिक्स पुन्हा छापणार म्हणतो. “आई, प्रचारात थोडं वाढवून सांगतातच.” एक प्रत जरी छापली तरी कलम एक रद्द, फ्लॅट करणला. ही धमकीच समजावी.

५. माझ्यामागे हे वाचले जाईल तोवर देऊ असेल-नसेल. तोही माझ्याच वयाचा. म्हणून येत्या रविवारी, मी जिवंत असताना, हे मृत्युपत्र मीच पाड्यावर करणसमोर मोठ्याने वाचणार आहे. गाडी पुष्करने चालवायची. उतरल्यावर आधी देऊच्या पाया पडायचे.

लिहून देणार: पद्मजा कर्णिक
साक्षीदार: १. भूपेश, खालचा झेरॉक्सवाला. २. विष्णुपंत, शेजारी. ती पुस्तके घरोघर विष्णुपंतांनीच वाटली होती. सही करताना मान वर केली नाही.

अंबरनाथ, ६ नोव्हेंबर २०२५