डावीकडची मिशी

ती. अण्णांना नमस्कार.

१. फेब्रुवारीत शेंद्र्याला माझ्या खोलीवर मी फेटा, नकली मिशी आणि तुमचा जुना कोट घालून टायमरवर स्वतःचा फोटो काढला. त्या काल्पनिक माणसाचं नाव ठेवलं सांडू पाटील.
२. लक्ष्मीआत्यानं तो भिंतीवर पाहिला आणि ओरडली, "अगं बाई, हे तर आपले आबा!"
३. आबांचा एकही फोटो नाही हे माहीत असून तुम्ही म्हणालात, "व्हय."

कोट तरी ओळखला असेल ना?

आता तो फोटो करमाडच्या घरी आहे आणि पितृपक्षभर माझ्या मिशीला नैवेद्य दाखवला जातोय. मिशी डावीकडे दोन मिलिमीटर खाली चिकटली होती. मला ती चूक अजून सलते. आत्या म्हणते, "आबांची अश्शीच वाकडी होती. लई वर्षांनी दिसले गं." आबा गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला मी काय सांगू?

अमावस्येनंतरच्या रविवारी हाच फोटो छावणीतल्या प्रदर्शनात माझ्या नावानं लागतोय, आणि आत्या येणार आहे. तिला खरं तुम्ही सांगता, की मी फोटो मागे घेऊ? आधीची दोन पत्रं माझ्या टेबलाच्या खणातच आहेत. हेही बहुधा तिथंच जाईल. तरी सर्वपित्री अमावस्येपर्यंत उत्तर द्यावं.

तुमची मुलगी आणि तूर्त तुमचे वडील,
कावेरी