चौथा डबा

माय, तुझ्या पणतीला तंबूत राहायचं होतं, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही पैठणजवळ धरणाच्या पाण्याकाठी दोन दिवस राहून आलो. घर सोडून हौसेनं तंबूत राहायला जातात हे तुला सांगितलं असतं, तर तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. निघायच्या आदल्या दिवशी सुनेनं विचारलं, "आई, तुम्ही लहानपणी तंबूत राहिलाय ना? लेकरांना त्रास होऊ नये म्हणून काय काय घ्यायचं, सांगा." तिची यादी फोनवर तयारच होती. डासांचं मलम, बॅटरीवरचा पंखा, घडीच्या खाटा, ओले रुमाल. मी म्हटलं, यात चार खोलगट वाट्या घाल. कशाला, म्हणाली. खाटेच्या पायांखाली ठेवायला आणि त्यात पाणी घालायला, म्हटलं. तिनं निमूट वाट्या घेतल्या. म्हातारीचं काहीतरी खूळ म्हणून सोडून दिलं असणार.

पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. अण्णा मोजणी खात्यात. उन्हाळाभर त्यांचा मुक्काम गोदाकाठच्या शिवारात, सरकारी राहुटीत. मी नऊ वर्षांची आणि भाऊ अडीच वर्षांचा, तुझ्या दोन गेलेल्या लेकरांनंतर राहिलेला. त्या वर्षी तू हट्टच धरलास. अण्णा म्हणाले, "लेकरं घिऊन रानात? इच्चूकाट्यात?" तू म्हणालीस, "चार चार महिने लेकरं बापाचं तोंड बघत नायत. तुमी जमीन मोजा, लेकरांचं मी बघते." हे वाक्य पुढं तुझ्या किती अंगाशी येणार होतं, तुला काय माहीत. पडेगावच्या घरातून निघताना तू एवढं सामान बांधलंस की गाडीवान म्हणाला, वहिनी, घराच्या भिंती तेवढ्या राहिल्या.

पण खरं सांगते, तुझ्यासारखा तंबू कुणी लावला नाही. पहिल्याच दिवशी तू राहुटीतली जमीन चोपून शेणानं सारवलीस. माठ ओल्या वाळूत अर्धा पुरलास. ज्या बाजूनं झळ यायची, तिकडं गोणपाट बांधून त्यावर पाणी मारत राहायचीस. भावाच्या अंगरख्यात उन्हासाठी कांदा, बाहेर लिंबाला त्याची झोळी. धपाटे आणि शेंगांची चटणी तर इतकी आणली होतीस की मोजणीची साखळी धरणारी माणसंसुद्धा दुपारी आमच्याकडेच वळायची. आणि बाज. बाजेच्या चार पायांखाली पत्र्याचे चार डबे, त्यात रोज सकाळी काठोकाठ पाणी. विंचू पाण्यातून वर चढत नाही, तू मला समजावून सांगितलंस. बांधावरचा दगड उचलायचा तर आधी पायानं उलटा करून बघायचा, हेही सांगितलंस. त्या आठ दिवसांत अण्णा हसत जेवत होते. मी त्यांना तसं पुन्हा कधी पाहिलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी भाऊ बाजेवर झोपलाय. तू राहुटीच्या मागं चुलीपाशी भाकरी थापतेयस, थापण्याचा आवाज मला ऐकू येतोय. सकाळी नदीच्या डोहात त्याला मासोळ्या दिसल्या होत्या आणि त्या पाहिजेत म्हणून तो रडून झोपला होता. मला त्या आणायच्या आहेत, तो उठायच्या आत. तुझ्याकडे भांडं मागितलं तर मिळणार नाही, स्वयंपाकाच्या भांड्यात मासे तू घेऊ दिलेच नसतेस. म्हणून मी बाजेचा एक पाय हळूच उचलते, डबा ओढून घेते, पाणी लिंबाच्या बुडाशी ओतते. बाज डुगडुगायला लागते. मी बांधावरून एक चपटा दगड आणते आणि पायाखाली सरकवते. पायानं उलटा करून बघत नाही. घाई आहे. एका घटकेत डबा परत ठेवणार आहे, आणि भाऊ उठल्यावर कसा नाचेल हेच माझ्या डोळ्यांपुढं आहे.

तीन मासोळ्या मिळाल्या. परत येताना त्याची किंकाळी ऐकली. मी राहुटीत शिरले तेव्हा तू त्याला छातीशी धरलं होतंस, त्याचा कान आणि मान लालभडक, आणि जमिनीवर उलथण्यानं ठेचलेला तांबडा विंचू. तू बाजेच्या पायाकडे बघितलंस. दगडाकडे. मग माझ्या हातातल्या डब्याकडे. माय, तुझ्या तोंडावर त्या वेळी काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. राग नव्हता, एवढं नक्की. एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं तू डबा घेतलास, मासोळ्या मातीत ओतल्यास, दगड ओढ्याकडे भिरकावलास आणि रिकामा डबा पायाखाली ठेवलास. "तू नदीवर व्हतीस," म्हणालीस. "तुला काय बी ठावं नाय. कळलं का?" तेवढ्यात अण्णा पळत आले. त्यांनी विचारायच्या आधीच तू सांगून टाकलंस, "पाणी घालायचं राह्यलं माझ्याकून."

अण्णांनी तो कोरडा डबा पायानं उडवला. "एकच काम व्हतं तुला," ते म्हणाले. "एकच." मग बैलगाडी, पैठणच्या दवाखान्याचा रस्ता, त्याला सुटलेला घाम, तोंडाला फेस, हातपाय गार पडत चाललेले. पैठणची वेस दिसायच्या आधीच तो गेला. गाडी तिथूनच वळवली. लहान लेकरू म्हणून नदीकाठी करंजाखाली पुरलं. पुढं धरण झालं आणि ते सगळं शिवार पाण्याखाली गेलं. गेल्या आठवड्यात तंबूसमोर ते पाणी पसरलं होतं, लेकरं त्यात खडे मारत होती, आणि तो त्यात नेमका कुठं आहे हे मला सांगता आलं नसतं.

त्यानंतर अण्णांनी तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. जेवण तू वाढलेलं घ्यायचे, पण पाण्याचा तांब्या स्वतः उठून माठातून भरायचे. बावीस वर्षं. आल्यागेल्यासमोरसुद्धा. आजी, तुझी सासू, तर उघडच म्हणायची, हिनं पोरगं घालवलं. तू पाट मांडायचीस, ताट करायचीस आणि तांब्या तेवढा रिकामा ठेवायचीस. मी सगळं बघत मोठी झाले. लग्नाच्या आधी एकदा तुझा हात धरून म्हटलं, मी अण्णांना सांगते आता. तू चिडलीस. "येडी का खुळी? असलं पोरीच्या मागं लागलं की सासरी नांदू देत नायत. माझं काय, माझं झालं." मला तेव्हा काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. मोकळं मोकळं वाटलं. याची लाज मला आज वाटते, तेव्हा नाही वाटली.

अण्णा शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा माझा संसार चांगला रुजला होता. पदरात दोन मुलं होती, मला कुणी हाकलणार नव्हतं. एक दिवस मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. ते म्हणाले, "तुझी माय वाईट नाय गं. पण त्या दिशी तिनं पाणी घातलं असतं तर." तू दारात उभी होतीस. तू माझ्याकडे बघितलंस. मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं की तू नजरेनं मला गप्प राहा म्हणालीस. तसं नव्हतं, माय. तू वाट बघत होतीस. आता तरी ही बोलेल, अशी वाट. मी पुढचा चमचा भरला. तू आत निघून गेलीस. अण्णा चार दिवसांनी गेले आणि त्यानंतर तू माझ्याशी आधीसारखीच बोललीस, जेवलीस का, पोरं कशी आहेत. एका शब्दानं कधी टोचलं नाहीस. टोचलं असतंस तर बरं झालं असतं.

तिथं तंबूत संध्याकाळी मी खाटेखालच्या वाट्यांत पाणी घालत होते. तुझी पणती आठ वर्षांची आहे, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. माझा मुलगाच सांगायला लागला, आजीचा छोटा भाऊ होता, त्याला विंचू चावला, कारण पणजी डब्यात पाणी घालायला विसरली. त्यानं ते लहानपणी अण्णांकडून ऐकलेलं. आमच्या घरात तू एवढ्याच एका गोष्टीसाठी उरली आहेस. पोर माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुझी आई एवढी वेंधळी होती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. समोर ते पाणी होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालेय मी, आता मला कुणाच्या घरी नांदायचं आहे? मी म्हटलं, "हो गं. माणूस विसरतं कधी कधी."

हे सगळं आज लिहून काढलं, पण घरात ठेवणार नाही. पोरगी हल्ली दिसेल तो कागद घडाघडा वाचते. सगळे बाहेर गेले आहेत, ते परत यायच्या आत गॅसवर जाळून टाकते.