सुगंधाबाईंचा मोठा फोटो

४ नोव्हेंबर
रानभाज्यांच्या पुस्तकाचं मोबाईलचं काम एकदाचं हातावेगळं केलं. मजकुराची एक्सएमएल फाईल एकच. तिच्यातूनच छापायचं पुस्तक, तिच्यातूनच वेबसाईट, मोबाईल. फोटो तिच्यात नसतात, नुसती नावं असतात. मोबाईलवर पान उघडायला युग लागत होतं, म्हणून सगळेच्या सगळे फोटो एका फटक्यात लहान केले. नावं तीच ठेवली, म्हणजे फाईलला हात लावायला नको. स्वतःवर खूश. चहा दोनदा.

९ नोव्हेंबर
छपाईची पीडीएफ काढली. फोटो फुटलेले, नुसते चौकोन. लहान केलेले वेगळ्या फोल्डरमध्ये गेलेच नाहीत, मोठ्यांच्याच जागी जाऊन बसले. मूळ एकही उरला नाही.
कॅमेऱ्याचं कार्ड? भावाच्या साक्षगंधाला दिलं. देण्याआधी मीच पुसलं, कॉम्प्युटरवर आहेत म्हणून. पंधरा वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिकेचीसुद्धा दुसरी प्रत ठेवायची मी. गाढव.

१० नोव्हेंबर
रिपेअरवाला म्हणाला, "डिलीट झालं असतं तं आणलं असतं मॅडम. याच्यावर तं दुसरंच लिहून गेलं."
पुस्तक काढणाऱ्या सरांना अर्धंच सांगितलं. ते म्हणाले, पुस्तक थांबवू, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काढू. भाज्या काय, उगवतील. सुगंधाबाईंचा मात्र आताच काढता येईल. पुस्तकातली अर्धी नावं त्यांनीच सांगितलेली. धानकापणी आटोपली की पोंभुर्ण्याकडे जाईन. पण पुन्हा तसं हसवायचं कसं? पदरात मातीने भरलेल्या सात्या, म्हणजे रानातली अळंबी, छत्र्या अजून मिटलेल्या, आणि मलाच रागावत होत्या, "माहा फोटो कायले काढतं बाई? सात्याईचा काढ ना." आणि हसल्या. तोच तो फोटो.

१३ नोव्हेंबर
देवरावभाऊंचा फोन. सुगंधाबाईंचा मुलगा. त्या परवा गेल्या. दोन दिवसांचा ताप.
"मायचा दुसरा फोटो नाई आमच्यापाशी. आधार कार्डावरचा तं कोणाचा, ओळखूच येत नाई. तुमी काढला तो मोठा करून द्या बाई. भिंतीवर लावतो."
हो म्हटलं. का म्हटलं?
तो फोटो आता बोटाच्या पेराएवढा. मोठा करायला गेलं की आधी दात जातात, मग डोळे. रडले.

१४ नोव्हेंबर
आठवलं! पोळ्याच्या वेळी एका पानाची कच्ची छपाई काढली होती. तेव्हा फोटो मोठेच होते, पीडीएफ मात्र ठेवली नाही. सुगंधाबाई पूर्ण पानभर. ते पान मीच त्यांना नेऊन दिलं होतं. तेच आणून स्कॅन करायचं. छपाईचे ठिपके दिसतील, दिसू देत. आज नीट जेवले.

१७ नोव्हेंबर
सकाळची एसटी. फाट्यावर देवरावभाऊ मोटरसायकल घेऊन आलेले. घरी चहा झाला. मग सहज विचारल्यासारखं पानाचं विचारलं.
"ते पान? तिच्या उशाखालीच राह्ये. माह्यासंगं द्या म्हणे. मातीत देताना छातीवर ठेवलं."
मी कप खाली ठेवला.
"बायको म्हणे, ठेवून घ्या. मी म्हटलं, काऊन? बाईच्या काम्पुटरात हायेच ना."
भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय. मला दाखवला. इथी उजेड चांगला येते, म्हणाले.
सांगायला तोंड उघडलं. "फ्रेम केवढी घ्यायची?" एवढंच निघालं. परतीच्या गाडीत स्वतःची किळस आली.

२० नोव्हेंबर
एक्सएमएलमध्ये त्यांच्या फोटोचं नाव अजून जसंच्या तसं. त्या फाईलला काय माहीत.
फोटो मोठा करणारं एक सॉफ्टवेअर लावून पाहिलं. त्याने मनानेच डोळे भरले, दातही दिले. छान बाई होती. सुगंधाबाई नव्हत्या. देवरावभाऊंना तेवढा फरक कळला नसता, असं मनात आलं. आलं खरं. मग ते चित्र पुसून टाकलं.
संध्याकाळी त्यांचाच फोन. सोमवारी चंद्रपूरला येत आहेत. "फ्रेम घेतली बाई. मोठी घेतली, काचेची. माय पुरी दिसली पायजे."
म्हटलं, या.
आज शुक्रवार. फोन ठेवल्यापासून खरं सांगायला तीनदा त्यांचा नंबर काढला, लावला एकदाही नाही.