मागायला आलेली मुलगी

बाई,

"मागायला आलीस ना, तिथेच तुझं नाव कटलं." नववीत तुम्ही माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला सगळ्या वर्गासमोर हे म्हणालात. आदर्श विद्यार्थिनी म्हणून मला निवडा, असं सांगायला ती मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आली होती. ती उभी आहे, वेणीची रिबीन सोडते आहे, बांधते आहे, आणि तुम्ही फळ्यावर माझं नाव लिहिता. "ही बघा. हिने तोंडातून शब्द काढला नाही." घरी आईने शिरा केला. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी बाक बदलून घेतला.

आता मी दुबईत एका कॉलेजात शिकवते. इथे ऑनर सोसायटी असते, म्हणजे निवडक गुणी मुलांचं मंडळ. ठरावीक मार्कांच्या वर असलेल्यांनी स्वतः अर्ज करायचा, आपण काय काय केलं ते लिहून सर्टिफिकेटं जोडायची, आणि आम्ही पाच जणांनी निवडायचं. पाच वर्षं मी त्या समितीत आहे आणि पाच वर्षं गुपचूप तुमचाच नियम चालवते आहे. ज्याच्या अर्जात 'मी' जास्त, त्याला माझ्याकडून मार्क कमी.

गेल्या आठवड्यात एक मुलगी माझ्या केबिनमध्ये आली. मराठी, पण इथेच वाढलेली. शारजातल्या अल नहदाहून रोज बसने येते. घरी आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर थांबणं नाही, क्लब नाही, काही नाही. म्हणाली, "मॅम, मी रोज बसमध्ये तिघींना स्टॅटिस्टिक्स शिकवते, बट त्याचं सर्टिफिकेट नाही. मीटिंगमध्ये तुम्ही सांगाल? आय रिअली वाँट धिस." आणि बाई, माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. "असं मागायचं नसतं गं. योग्य असशील तर दिसेलच."

ती हसली. "हू विल सी, मॅम? यू टेक द मेट्रो."

त्याच संध्याकाळी तिने अर्ज मागे घेतला.

आज मीटिंगमध्ये मी म्हटलं, नुसत्या अर्जांवर का निवडायचं? वर्गातल्या मुलांना विचारू, अडल्यावर कोणाकडे जाता म्हणून. लायब्ररीतल्या माणसाला विचारू. बसमध्ये शिकवणाऱ्या त्या मुलीचं उदाहरणही दिलं. समितीच्या प्रमुख बाई लेबनॉनच्या आहेत, मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "छान कल्पना आहे, पुढच्या वर्षी बघू. हिने तर नाव मागे घेतलंय, खलास." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत यादी उघडी आहे. तिने पुन्हा अर्ज केला तर मी वाचीन." तिने का मागे घेतला, हे मी तिथे सांगितलं नाही.

मी इथे मनखूल भागात एकटी राहते. मागच्या हिवाळ्यात तापाने तीन दिवस पडून होते. समोरच्या फ्लॅटमधली वसईची बाई दारातून विचारत होती, "पेज आणू का गं?" मी आतूनच ओरडले, "नको, नको, आहे सगळं." घरात बिस्किटं होती. बरी झाल्यावर लिफ्टमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "तुझ्याकडे यायलाच संकोच वाटतो बाई. तुला काही लागतच नाही." मी हसले. घरी येऊन भांडी घासत बसले, स्वच्छ असलेलीच. एका माणसाने तर माझ्या होकाराची दोन वर्षं वाट पाहिली होती. मी त्याच्या पुन्हा विचारण्याची पाहिली. तो विषय आता नको.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होतात तोवर हे सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता हे पत्र कुठे टाकायचं तेही ठाऊक नाही. त्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेर मीही उभी होते. मलाही तेच मागायचं होतं. घरून वाक्य पाठ करून आले होते. ती माझ्या पुढे होती, एवढंच. आत तुमचा आवाज चढलेला ऐकला आणि मी मागच्या मागे वर्गात येऊन बसले.

उद्या सकाळी मी त्या मुलीला फोन करणार आहे. चुकले म्हणणार आहे, आणि म्हणणार आहे, ये, पुन्हा माग, मोठ्याने माग, मी शेजारी बसते. ती येईल की नाही, माहीत नाही. बाई, एकदा म्हणा ना, बरोबर करते आहेस. तुम्ही म्हणणार नाही, मला ठाऊक आहे. तरी म्हणा.