बावीस जणींनी खाल्लेले गहू

बाई, हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला यातलं अक्षरही वाचता आलं नसतं, आणि खरं सांगते, म्हणूनच लिहायचा धीर होतो आहे. इंग्रजीत मी तुमच्याशी वर्षानुवर्षं खोटं बोलले, तुमच्या त्या गव्हाबद्दल.

कुवेतला, सालमियातल्या आपल्या इमारतीत तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. नवरा पहाटेच्या बसने फहाहीलकडे गॅसच्या प्लँटवर जायचा, मुलगा शाळेत, आणि नाशिकहून नुकत्याच आलेल्या मला दिवस खायला उठायचा. दारावर भरतकाम शिकवण्याची पाटी पाहिली आणि बेल वाजवली. तुम्ही माझा रुमाल हातात घेतलात तो उलटा करूनच. मागच्या गाठी बघून म्हणालात, "या कोणापासून लपवतेस?" मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी परत आले, मग येतच राहिले. लिननच्या कापडातले धागे मोजून काढताना तुम्ही सायप्रसमधलं तुमचं गाव सांगायचात. तिथे नांगराला हजारो वर्षांपूर्वीची मडकी लागतात, परदेशी लोक मोडक्या देवळांचे फोटो काढायला येतात. "दगड बघतात आणि जातात," तुम्ही चिडून म्हणायचात. "त्या देवळांपेक्षा जुनं आमच्या पातेल्यात शिजतं, ते कोणी विचारत नाही." लढाईत बेटाचे दोन तुकडे झाले आणि ते गाव रेषेच्या पलीकडे, तुर्कांकडे गेलं होतं. आईवडिलांच्या थडग्यावर दिवा लावायलाही तुम्हाला जाता येत नव्हतं.

एका चैत्रात मी हळदीकुंकू केलं. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं साग्रसंगीत, कारण सासूबाई कुवेतला आल्या होत्या. दुपारी तुम्ही ताट घेऊन जिना उतरलात. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे, भाजलेले तीळ, वर पिठीसाखर. "आज सगळ्यांना दे," एवढंच म्हणालात. मी समजले, तुमच्याकडचा प्रसाद. वाट्या भरून दिल्या. बावीस जणी होत्या, दोघी तर पार फहाहीलहून आलेल्या, आणि सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ताट न्यायला येता. दारातच सांगता, काल आईच्या स्मरणाचा दिवस होता, गहू तिच्यासाठी होते. "जो खातो त्याने तिच्यासाठी देवाकडे मागितलं, असं आम्ही धरतो. किती जणी होत्या?" मी म्हणते, बावीस. तुम्ही चौकट धरून रडायला लागता. "बावीस," परत परत म्हणता. "माझ्या गावची एवढी माणसं आता एका जागी मिळत नाहीत." मी भोळेपणाने तिथल्या तिथे सासूबाईंना मराठीत सांगून टाकते. तुमच्यामागे दार लागतं आणि त्या म्हणतात, "अगं, सवाष्णींना श्राद्धाचं वाढलंस? बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

पुढच्या वर्षी तुम्ही दुप्पट गहू केलेत. सासूबाई तेव्हा नाशिकला परतल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या माथी खापर फोडायची सोय नाही. भीती माझीच होती. नवरा दिवसभर गॅसच्या टाक्यांमध्ये, आणि माझ्या घरात मेलेल्यांचं अन्न. नको म्हणायला तोंड उघडेना, कारण तुम्हाला रडताना मी पाहिलं होतं. देताना तुम्ही एकेक नाव सांगायचात: आई, वडील, भाऊ, पळापळीत मागे राहिलेली शेजारीण. मी मान हलवायचे आणि मनात हिशेब एवढाच, की मुलगा शाळेतून यायच्या आत हे इमारतीमागच्या कचरापेटीत टाकून यायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारायचात, किती जण होते? मी कधी पंधरा सांगायचे, कधी वीस. दर वर्षी. तुमचा चेहरा असा उजळायचा की खोटं बोलणं मला पुण्यकर्मच वाटायला लागलं होतं.

मग तुम्ही कायमच्या परत गेलात. रेषा ओलांडायची परवानगी मिळाली तेव्हा गाव पाहून आलात. घरात दुसरं बिऱ्हाड होतं, त्यांनी तुमच्याच झाडाची लिंबं हातात दिली, हे तुम्ही फोनवर हसत सांगितलंत आणि मी इकडे रडले. तुम्ही देवाघरी गेल्यालाही आता किती वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर केरळचं कुटुंब राहतं. अजून कधी कधी मी लिफ्टमध्ये तीनचा आकडा दाबते आणि तशीच खाली येते. बाई, तुम्ही अजून हव्या होतात.

गेल्या महिन्यात तुमच्या मुलीचा फोन आला. यंदा तुमच्यासाठी ती स्वतः गहू करते आहे. चर्चमध्ये घरच्या सगळ्या गेलेल्यांची नावं वाचतात, पण तुमची यादी तिला सापडत नाही. "आई म्हणायची, कुवेतमध्ये एक घर आहे, तिथे आपल्या सगळ्या माणसांची नावं पाठ आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो तर. वहीत लिहून ठेवली आहेत, शोधून कळवते."

अशी वही नाही, बाई. तुमच्या आईचं नावसुद्धा मला सांगता येणार नाही. मुलीने काल परत फोन केला होता. मी उचलला नाही.